सुभेदारांची पेटी : न झालेल्या हँडिंग-टेकिंगचे एक प्रकरण

हे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातले. गावाचे नाव दिलेले नाही, माणसांची नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी शेजारच्या गावचा, फौजेतून हवालदार क्लार्क म्हणून निवृत्त. गावातल्या सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनचे काम एका सुभेदारांच्या पेटीत अडकले होते; मे 2022 मध्ये या कामात ओढला गेलो आणि पुढे दीड वर्ष त्यात होतो. खाली ज्या चुका लिहिल्या आहेत त्यातली एक माझी आहे, तीही लपवलेली नाही.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याला फौज नवी नाही. सातारा तालुक्यातले अपशिंगे तर नावातच 'मिलिटरी' लावते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण पडले. आमच्या माण-खटाव भागात मात्र फौजेत जाण्याचे कारण शौर्याच्या आधी पावसाचे आहे. बाजरी पदरात पडेल न पडेल, पगार मात्र महिन्याच्या महिन्याला घरी येतो. या गावचे सुभेदारसाहेब याच हिशेबाने 1968 मध्ये, अठराव्या वर्षी, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. 1971 ला पूर्व आघाडीवर होते, 1987 नंतर शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत. 28 वर्षे नोकरी करून 1996 मध्ये सुभेदार म्हणून घरी आले. लढाईच्या गोष्टी त्यांनी कधी सांगितल्या नाहीत. 26 जानेवारीला शाळेत भाषणाला बोलावले की पोरांची नखे तपासायचे आणि खाली बसायचे.

गावात त्यांनी दोन कामे धरली. पहिले सगळ्यांना दिसणारे. गायरानाचा एक तुकडा सपाट करून घेतला आणि पहाटे पाचला पोरांना भरतीसाठी पळवायला सुरुवात केली. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारले तर पूर्ण 60 गुण, दहा पुलअप्सचे 40, नऊ फुटांचा खंदक, झिगझॅग बॅलन्स. या मैदानावरून किती पोरे लागली याचा हिशेब गावात प्रत्येक जण वेगळा सांगतो, म्हणून तो आकडा इथे देत नाही.

दुसरे काम कोणाला दिसत नव्हते. 1997 च्या उन्हाळ्यात एका नाईकाची विधवा त्यांच्याकडे आली. नवरा वारून तीन वर्षे झाली होती, फॅमिली पेन्शन सुरू नव्हती. लग्नाची नोंद करणारा पार्ट टू ऑर्डर पलटणीत निघालेलाच नव्हता, त्यामुळे रेकॉर्डच्या लेखी तो नाईक बिनलग्नाचा. एका दलालाने काम करून देतो म्हणून थकबाकीतला निम्मा वाटा मागितला होता. साहेब रात्रीच्या एसटीने तिला आणि तिच्या भावाला घेऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला गेले. तीन खेपा झाल्या, पेन्शन सुरू झाली. साहेबांनी एसटीचे भाडेसुद्धा घेतले नाही.

मग बायका येत राहिल्या. साहेबांनी लाल कापडी बांधणीची एक वही घातली. 2021 पर्यंत त्या वहीत पाच गावांतली 63 कुटुंबे होती, त्यातल्या 41 विधवा. दर नोव्हेंबरला, आणि 80 च्या पुढच्यांसाठी ऑक्टोबरपासूनच, ते मारुतीच्या पारावर बसून यादी वाचायचे, दोन वडाप गाड्या ठरवायचे आणि सगळ्यांना तालुक्याच्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी न्यायचे. आधी कोणाचा डोळ्यांचा त्रास असेल तर माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकची तारीख, मग चहा, मग परत. 28 वर्षे फौजेत आणि 26 वर्षे गावच्या कामात. दुसरी नोकरी पहिलीपेक्षा दोनच वर्षांनी कमी भरली.

कागद साहेबांच्या घरी असायचे. मूळ पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, लग्नाचे दाखले, सगळे त्यांच्या काळ्या ट्रंकेत. हे बाहेरच्याला विचित्र वाटेल, पण कारण होते. बायकांच्या घरी छप्पर गळायचे, उंदीर होते आणि भाऊबंदकीत कागद पळवले जायचे. एका घरात थोरल्या मुलाने आईचा पीपीओच सावकाराकडे ठेवला होता. तो सोडवून आणल्यावर साहेबांनी नियम केला की कागद पेटीत. मोबाइल आले तेव्हा तीच रीत पुढे चालली: ज्यांच्याकडे फोन नव्हता अशा 19 बायकांच्या बँक खात्याला त्यांनी स्वतःचा नंबर लावला.

पेच

फेब्रुवारी 2022 मध्ये साहेबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा जवळजवळ गेली. त्या वेळी ते 72 वर्षांचे होते.

त्याच सुमारास कागदांची दुनियाही बदलत होती. संरक्षण खात्याची पेन्शन बँकेच्या हातून काढून 'स्पर्श' या ऑनलाइन यंत्रणेकडे नेली जात होती. जुने पेन्शनर टप्प्याटप्प्याने तिकडे हलवले जात होते, त्यांना नवा पीपीओ नंबर मिळत होता आणि तो नंबर मेसेजने मोबाइलवर येत होता. आमच्या 19 बायकांचे मेसेज एका फोनवर गेले. तो फोन साहेबांच्या उशाशी, रिचार्ज संपून पडलेला.

नोव्हेंबर 2021 मध्ये साहेबांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांचे दाखले बँकेत कागदावर दिले होते. ज्यांचे खाते 'स्पर्श'मध्ये गेले होते त्यांची ओळख पटल्याचे बँकांनी पुढे कळवायचे होते. देशभरात सुमारे 58 हजार पेन्शनरांच्या बाबतीत ते झाले नाही आणि एप्रिल 2022 ची पेन्शन 30 तारखेला त्यांच्या खात्यात आली नाही. त्यात आमच्या सात बायका होत्या. 3 मेला आखिती होती. सणाला पैसे नाहीत आणि आबांना (साहेबांना बायका आबा म्हणत) विचारावे तर आबा बोलत नाहीत. अशा अवस्थेत त्या दोन दिवस साहेबांच्या अंगणात नुसत्या येऊन बसत होत्या.

4 मेला संरक्षण मंत्रालयाने एक वेळची सवलत देऊन पैसे सोडले. पण ओळख पटवण्याची मुदत 25 मे. म्हणजे हातात तीन आठवडे होते, आणि करायचे काय हे ठाऊक असलेला माणूस खाटेवर होता.

मला 2 मेला संतोष या निवृत्त नाईकाचा फोन आला. तो साहेबांच्याच मैदानावर पळून भरती झालेला, 2019 ला घरी आलेला. मी गेलो, वही मागितली, चाळली आणि कपाळावर हात मारला. फौजेत असते तशीच वही. सगळे नवऱ्याच्या आर्मी नंबरने लावलेले. बायकांची नावे नव्हतीच, 'नं. अमुक, नाईक, पत्नी', पुढे खुणा, तारखा आणि साहेबांची स्वतःची संक्षिप्त भाषा. बायकांना नवऱ्याचा नंबर पाठ नव्हता. पीपीओ नंबर विचारला की एकच उत्तर यायचे, "आबांच्या वहीत हाय."

फौजेत साधी पोस्ट सोडतानाही हँडिंग-टेकिंग होते. एकेक वस्तू मोजून, लिहून, दोघांच्या सह्यांनी. साहेबांनी आयुष्यभर ते चोख केले असणार. गावात मात्र टेकिंग करणारा कोणी समोर उभाच नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्ही कोणी उभे राहिलोही नव्हतो.

पेटी उघडायची की नाही

सगळे मूळ कागद पेटीत होते. किल्ली काकूंच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, कमरेला. संतोष आणि मी साहेबांजवळ बसलो, म्हटले, "साहेब, पेटी उघडतो, काम आम्ही बघतो." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले. काकू म्हणाल्या, "ह्यांनी हो म्हटल्याबिगर मी किल्ली द्यायची न्हाई."

सरपंचाचे म्हणणे, काकूंना समजावून कुलूप उघडावे, लोकांचे पैसे अडकलेत. संतोषही त्याच मताचा झाला. मी अडलो. कागद साहेबांचे नव्हते हे खरे, पण विश्वासाने ठेवलेले होते, आणि त्यांच्या नजरेसमोर पेटी फोडली असती तर उरलेल्या 56 कुटुंबांनी आमच्यावर कशाच्या जोरावर भरवसा ठेवला असता? यात आठवडा गेला. आज मागे पाहता हा आठवडा परवडणारा नव्हता. पण तेव्हाही तो घालवणे मला बरोबर वाटले आणि आताही पूर्ण चूक वाटत नाही.

कोंडी फुटली ती आमच्या अकलेने नाही. 13 मेच्या सकाळी शालनबाई आल्या. खाटेजवळ जमिनीवर बसून म्हणाल्या, "आबा, माजा कागुद मला द्या. मी संबाळीन." साहेबांनी डावा हात उचलून काकूंकडे बोट केले. काकूंनी किल्ली काढली.

आम्ही काम मागत होतो. तिने तिची वस्तू मागितली. हा फरक साहेबांना झटक्यानंतरही कळत होता आणि आम्हाला कळला नव्हता.

त्यानंतर एकेक बाई स्वतः येऊन आपला कागद मागू लागली. संतोष पेटीतून काढायचा, साहेब डाव्या हाताने द्यायचे आणि वहीकडे बोट करायचे. सही किंवा अंगठा झाल्याशिवाय कागद सोडायचे नाहीत.

कोणाच्या हाती द्यायचे

तातडीचे सात दाखले एकीकडे, पण पुढच्या नोव्हेंबरचे काय, हा प्रश्न त्याच आठवड्यात सोडवायला हवा होता. चार वाटा होत्या.

गावातला सेवा केंद्र चालवणारा मुलगा तयार होता. 'स्पर्श'ची कामे अशा केंद्रांतूनही होतात, मशीन त्याच्याकडे. हरकत एवढीच की 63 घरांचे आधार, खाते आणि पीपीओ एका दुकानात जमा झाले असते, म्हणजे पेटी फक्त जागा बदलणार. माजी सैनिक संघटनेची शाखा होती, पण कागदावर. ग्रामपंचायतीच्या दोन गटांत तिचे पदाधिकारी वाटले गेले होते आणि कार्यालयाच्या खोलीचा वाद सुरू होता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्रकरणे लावून द्यावीत हा पर्याय नियमाने सगळ्यात बरोबर, पण सत्तरीच्या बाईला दरवेळी साताऱ्याला जायचे म्हणजे पहाटेची गाडी आणि सोबत एक माणूस.

चौथी वाट काकूंच्या सुनेने काढली. तिचा बचत गट होता, गटाच्या वह्या लिहिणारी वैशाली नावाची मुलगी बारावी शिकलेली, मोबाइलवर पटाईत, आणि एका शिपायाच्या विधवेची सून. बायकांना तिच्यासमोर अंगठा द्यायला संकोच नव्हता. पुरुषांतून विरोध झाला: सरकारी काम आहे, बाईमाणसाला झेपायचे नाही. मी स्वतः पहिल्या बैठकीत गप्प बसलो. माझ्या मनातही फौजेचे काम फौजीनेच करावे असे होते.

शेवटी काम फोडले. मूळ कागद ज्याचे त्याच्या घरी, प्लास्टिकच्या पिशवीत. एक प्रत वैशालीकडे. वही नव्याने, बाईच्या नावाने लावलेली. बाहेरची कचेरी, पत्रव्यवहार, बेळगाव, सातारा संतोषकडे. क्लार्कगिरी माझ्याकडे. आणि प्रत्येक बाईच्या खात्याला तिचा किंवा घरातल्या एकाचा नंबर, पण नंबर कोणाचा ते तीच ठरवणार.

काय केले

साहेबांचा फोन नातवाने रिचार्ज केला. न वाचलेल्या, इंग्रजीतल्या मेसेजच्या ढिगातून सातही बायकांचे नवे पीपीओ नंबर सापडले. नंबर आणखी काही दिवस बंद राहिला असता तर कंपनीने तो दुसऱ्याला दिला असता, हे आठवले की अजून धस्स होते.

दाखला 'जीवन प्रमाण' या सरकारी ऑनलाइन सोयीवर करायचा ठरला. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत; हा अनुभव सगळीकडचा आहे. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाली होती, ती इथे कामी आली. पिंपळाखाली सावली हलते आणि फोन चेहरा नाकारतो, म्हणून सकाळी सात वाजता, पाराच्या पूर्वेच्या बाजूला, तोंड उन्हाकडे. वैशाली फोन धरायची आणि सांगायची, "आत्याबाई, डोळं मिटा, उघडा."

माझी चूक इथे झाली. पेन्शन कोण देते या रकान्यात मी पहिल्या दोघींसाठी सवयीने जुनी बँक निवडली. तिथे आता 'स्पर्श', पीसीडीए (पेन्शन), म्हणजे संरक्षण खात्याचे पेन्शन कार्यालय, हे निवडायला हवे होते. प्रमाणपत्राचा नंबर आला, आम्ही पेढा वाटला. आठवड्याने वैशालीने तपासले तर दोन्ही नामंजूर. 23 मेला, मुदतीच्या दोन दिवस आधी, दोन्ही परत केले. नंबर मिळाला म्हणजे काम झाले असे मानणे ही क्लार्कची जुनी खोड. दाखला स्वीकारला गेला का हे पुन्हा जाऊन पाहावे लागते.

खरी डोकेदुखी नावांची. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात. पलटणीच्या रेकॉर्डला माहेरचे 'कुसुम', आधारवर सासरचे 'शालन'. यंत्राला या दोन वेगळ्या बायका. बँकेतल्या जुन्या कारकुनाला साहेब सांगायचे, "अहो, हीच ती," आणि तो मानायचा. यंत्राला 'हीच ती' सांगणारा कोणी नाही. मग प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा, रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, आणि तिथून दुरुस्तीचा कॉर पीपीओ निघेपर्यंत वाट. 63 पैकी अकरा प्रकरणांत नावाचा किंवा जन्मतारखेचा फरक निघाला.

मैदानाबद्दल थोडक्यात. करोनामुळे दोन वर्षे भरती बंद होती, पोरांची वये निघून चालली होती. 14 जून 2022 ला अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, पुढे जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम. वयाची मर्यादा 21 वरून त्या एका वर्षासाठी 23 केली, त्यात आमची काही पोरे बसली. पहाटेची शिट्टी संतोषने उचलली. तिथे हस्तांतर सहज झाले, कारण मैदानात लपवलेले काही नसते. जो बघतो तो शिकतो.

अकरावे प्रकरण

पेटी रिकामी होत आली तेव्हा तळाशी साहेबांचे स्वतःचे पाकीट निघाले. मी 1996 चा पीपीओ उघडला. काकूंचे नाव बरोबर होते, जन्मतारखेचा रकाना कोरा, आणि आधारवर नावाची फोड वेगळी. दुसऱ्यांच्या पेन्शनसाठी बेळगावला किती खेपा घातल्या याची वहीत मोजदाद आहे. त्यातली एकही घरासाठी नव्हती.

मी काकूंना सांगितले. त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, "माझं कागुद बघा असं मी म्हणालेच न्हाई कधी. त्यांना कशाला ताप." मग आमच्यात मतभेद झाला. संतोष म्हणे, साहेब आजारी आहेत, त्यांच्या मरणानंतरची तयारी त्यांच्यासमोर करणे बरे दिसत नाही. मी म्हटले, पेन्शनर हयात असताना त्याच्या अर्जाने होणारी दुरुस्ती सोपी असते, तो गेल्यावर विधवेला तेच सिद्ध करायला वर्ष लागते. आणि हे मला साहेबांच्याच वहीने शिकवले आहे. आम्ही अर्ज वाचून दाखवला. साहेबांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. सही करणाऱ्या माणसाने अंगठा देणे त्यांना सोपे गेले नाही, ते दिसत होते.

पुन्हा करायचे झाले तर

साहेबांनी काय करायला हवे होते हे सांगणे सोपे आहे: बायकांची नावे लिहायची, नंबर त्यांचे लावायचे, साठीतच कोणीतरी हाताखाली घ्यायचा. पण स्वतःचा नंबर त्यांनी लावला नसता तर 19 घरांना कसलाच निरोप पोचला नसता. त्या वेळी तेच शहाणपणाचे होते. चूक झाली ती घरोघर फोन आल्यावर, 2016-17 च्या सुमाराला. तेव्हा नंबर बदलायला हवे होते आणि ते आठवून देणारा कोणी जवळ नव्हता.

मी चार मैलांवर राहत होतो. दरवर्षी नोव्हेंबरात पारावरची गर्दी एसटीतून बघत होतो. क्लार्कची नोकरी केलेला माणूस उतरून वही बघतो म्हणाला असता तर नवऱ्याच्या नंबराने लावलेली यादी दहा वर्षे आधी बदलली असती. साहेबांचे कौतुक करायला मात्र मी दोन सत्कारांना हजर होतो.

आणखी एक. पहिल्या दिवशी साहेबांशी बोलायला आम्ही दोघे पुरुष गेलो, सातपैकी एकाही बाईला बरोबर घेतले नाही. नेले असते तर तो आठवडा वाचला असता.

नंतर

सातही दाखले 25 मेच्या आत मंजूर झाले. नोव्हेंबर 2022 ची फेरी वैशालीने पारावरच केली, वडाप न ठरवता. दोन बायकांनी कागद पुन्हा पेटीत ठेवा म्हणून हट्ट धरला; एकीचा मुलगा दारूडा आहे. त्यांचे कागद काकूंकडे आहेत, वहीत तशी नोंद आहे.

अकरापैकी आठ प्रकरणांत कॉर पीपीओ आले. काकूंचे सातव्या महिन्यात आले. साहेब ऑगस्ट 2023 मध्ये गेले. तिसऱ्या महिन्यात फॅमिली पेन्शन काकूंच्या खात्यात जमा झाली. मेसेज त्यांच्याच फोनवर आला आणि तो वाचून घ्यायला त्या वैशालीकडे गेल्या.

शालनबाईंचे प्रकरण उरलेल्या तिनात आहे. लग्नाचा पुरावा म्हणून देवळातली पावती चालत नाही, आणि लग्न लावणारे भटजी केव्हाच गेले. त्यांची पेन्शन चालू आहे, पण रेकॉर्डला त्या अजून कुसुमच आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या येतात आणि आपला कागद पिशवीतून काढून पुढे ठेवतात. संतोष बेळगावला पुढचे पत्र लिहितो, मी ते तपासतो.